सत्तावीस किलोमीटरचं वाइंडिंग

१९ सप्टेंबर २००८ ला जिनिव्हाजवळ, जमिनीच्या शंभरेक मीटर खाली, एक जॉइंट गेला. आणि जगातलं सगळ्यात मोठं यंत्र, जे नऊच दिवस आधी टाळ्यांच्या कडकडाटात सुरू झालं होतं, ते चौदा महिने बंद पडलं.

मी जिंतूरला मोटारी भरतो. मंजे शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करतो, आयटीआय झाल्यापासून हेच. फिजिक्सशी आपला संबंध दहावीच्या विज्ञानापुरता, आणि लार्ज हॅड्रॉन कोलायडर हे नाव पहिल्यांदा कानावर आलं ते पण हिंदी न्यूज चॅनेलवर, की बाबा १० सप्टेंबरला मशीन चालू होणार, ब्लॅक होल तयार होणार आणि पृथ्वी गडप. तेव्हा एका मामांची पाच एचपीची मोटार दुकानात खोलून पडली होती, ते म्हणले, "मिस्त्री, जगच बुडणार असंल तर ऱ्हाऊ द्या, कशाला पैसे घालायचे तिच्यात." मी म्हणलं, मामा, आणि नाही बुडालं तर परवा पाणी कशानं देताव? मामा हसले आणि मोटार ठेवून गेले. जग काही बुडलं नाही. नऊ दिवसांनी मशीनच बसलं, पण ती बातमी माझ्या तरी तेव्हा बघण्यात आली नाही, ती पुष्कळ नंतर, मोबाईलवर नेट आल्यावर कधीतरी रात्री वाचत पडलो होतो तेव्हा सापडली. आणि त्यात कारण दिलं होतं, दोन मॅग्नेटमधला खराब जॉइंट.

आता वाइंडिंगवाल्याला हे वाक्य दाखवा आणि त्याचा चेहरा बघा. आमच्या धंद्यात निम्मी भांडणं जॉइंटचीच असतात. कॉइल चांगली, तांबं चांगलं, स्लॉटमधला कागद चांगला, आणि बोअरमध्ये दोनशे फुटावर केबलचा जॉइंट ढिला, की गेली मोटार, परत काढा पाइप. तर मला एकदम असं वाटलं की अरे, हे तर आपल्या ओळखीचं मशीन आहे. तोवर मी जे काय वाचलं-ऐकलं होतं त्यात विश्वाची निर्मिती, देव, सृष्टीचं रहस्य असलंच सगळं, आणि ते वाचून मला जांभया यायच्या. ते सगळं सांगणाऱ्यांचा मला अजूनही थोडा राग येतो, कारण त्यांच्यामुळं माझ्यासारख्या माणसाला हे आपल्यासाठी नाहीच असं वाटत राहतं. जॉइंटपासून सुरू केलं असतं तर मी २००८ लाच वाचलं असतं.

तर मशीन काय आहे ते मला समजलं तसं सांगतो. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या बॉर्डरखाली सर्न नावाच्या संशोधन संस्थेचा सत्तावीस किलोमीटरचा गोल बोगदा आहे, त्यातून दोन नळ्या जातात, त्या नळ्यांतून प्रोटॉन उलट्यासुलट्या दिशेनं पळवायचे, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं, सेकंदाला ११,२४५ फेऱ्या, आणि चार ठिकाणी समोरासमोर आदळवायचे आणि काय उडतं ते बघायचं. आता प्रोटॉन सरळ पळणार, त्याला गोल वळवायचा तर मॅग्नेट पाहिजे, आणि जितका जोरात पळतो तितका जोरदार मॅग्नेट पाहिजे. असे वळवायचे मॅग्नेट आहेत १,२३२, एकेक पंधरा मीटर लांब, पस्तीसेक टन वजनाचा. सगळे एकामागं एक लावलेले. मंजे हे सगळं मशीन काढून-सोलून बघितलं तर शेवटी काय आहे, वाइंडिंग आहे.

फक्त हे वाइंडिंग मी आयुष्यात भरलं नाही असलं आहे. माझ्या मोटारीत दहा-पंधरा अँपिअर जातात, त्यांच्या कॉइलमधून अकरा-बारा हजार अँपिअर. एवढा करंट तांब्यातून न्यायचा तर तांबं केवढं जाड पाहिजे आणि ते तापणार किती याचा हिशोबच नको. म्हणून ते निओबियम-टायटॅनियमची तार वापरतात, जी खूप गार केली की तिचा रेझिस्टन्स कमी नाही, चक्क शून्य होतो. १९११ साली हॉलंडमध्ये कॅमरलिंग ओनेस नावाच्या माणसानं हे पहिल्यांदा पाऱ्यात बघितलं होतं. त्या तारेचा एक पदर मिलिमीटरच्या आसपास, आमच्या भाषेत एकवीस गेजच्या जवळपास बसतो, पण त्या एका पदरात आत हजारो तंतू, एकेक तंतू सहा-सात मायक्रॉनचा (मायक्रॉन मंजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि ते सगळे तांब्यात बसवलेले. असे पदर २८ किंवा ३६ घेऊन त्याची चपटी केबल करायची आणि ती पंधरा मीटर लांबीत भरायची. मी तर पंधरा इंचाच्या स्टेटरमध्ये भरताना बोटं सोलून घेतो!

गार म्हणजे किती, तर उणे २७१. पातळ हेलियममध्ये बुडवून. आणि गार केलं की धातू आकसतो, एकेक मॅग्नेट साडेचार सेंटिमीटरनं आखूड होतो, सगळा सत्तावीस किलोमीटरचा हिशोब केला तर ऐंशी मीटर लांबी जाते. ती कुठं जाते? दोन मॅग्नेटच्या मधल्या सांध्यात घड्या असलेल्या लवचिक नळ्या आहेत त्या ताणल्या जातात. म्हणजे सगळा ताण परत जॉइंटवरच आला बघा.

आणि जॉइंट मात्र शून्य रेझिस्टन्सचा होत नाही, कारण तिथं शेवटी डागच द्यावा लागतो, आणि डागाचं मटेरियल म्हणजे कथिल-चांदी. असे मोठ्या करंटचे जॉइंट मशीनमध्ये दहा हजारच्या वर. चांगल्या जॉइंटचा रेझिस्टन्स त्यांच्याकडं किती असतो तर एका ओहमचा अब्जावा भाग, त्याचा पण तिसरा हिस्सा. माझा मल्टिमीटर तर सोडाच, परभणीतल्या कुठल्याच मल्टिमीटरवर हे दिसणार नाही. जो जॉइंट गेला तो साधारण दोनशे नॅनोओहमचा निघाला, नॅनो मंजे अब्जावा भाग. तो आकडा पण आमच्या हिशोबानं शून्यच की हो. पण करंट तेव्हा ८,७०० अँपिअर होता. मी एकदा दुकानात कागदावर हिशोब केला, आय स्क्वेअर आर, मंजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, आयटीआयला शिकलेला, आणि उत्तर आलं पंधरा वॅट. पंधरा वॅट म्हणजे आपला झिरोचा बल्ब! देवघरात लावतो तो. तेवढ्या उष्णतेनं एका ठिकाणचा गारवा मोडला, तारेचा रेझिस्टन्स जागा झाला, मग पुढचं काम करंटनं केलं, आर्क झाला, हेलियमच्या टाकीला भोक पडलं, पातळ हेलियमचा एकदम गॅस झाला, सहा टन हेलियम गळालं, आणि त्या दाबानं तीस-तीस टनांचे मॅग्नेट जमिनीतल्या बोल्टासकट उपटून सरकले. ५३ मॅग्नेट बाहेर काढून वर आणावे लागले. बोगद्यात तेव्हा माणूस नव्हता हे बरं.

ते कागदावरचं गणित मी अजून जपून ठेवलंय. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला पण यातलं काहीतरी कळू शकतं, शेजारी कुणी समजावून सांगायला नसताना.

मग मी वाचतच सुटलो. इंग्रजी जेमतेम, पण आकडे सगळ्यांना वाचता येतात, आणि आता फोनमध्येच भाषांतर होतं, कसंबसं. सगळ्यात जास्त मजा आली ती त्यांच्या प्रोटेक्शनची. आमच्याकडं मोटार तापली की काय करायचं, थंड करायची, बंद करायची. त्यांच्याकडं मॅग्नेटच्या एखाद्या टाचणीएवढ्या जागेत गारवा मोडला तर यंत्रणा ते मिलिसेकंदांत ओळखते आणि काय करते माहितीय का? मुद्दाम सगळा मॅग्नेट गरम करते! आत हीटरच्या पट्ट्या बसवलेल्याच असतात. कारण मॅग्नेटमध्ये साठलेली ऊर्जा कुठंतरी जाणारच, ती एका टाचणीएवढ्या जागेत गेली तर तार वितळली समजा, पण पंधरा मीटरभर पसरली तर सगळाच थोडाथोडा तापतो आणि वाचतो. हे वाचून मी दुकानात एकटाच "वा" म्हणलो होतो, पोरगं बघायला लागलं माझ्याकडं.

आणि त्या हीटरला करंट सोडणारे जे पॉवर सप्लाय, ते हजारोंनी भारतातून गेलेले. पंधरा मीटरचे मॅग्नेट ज्यावर टेकलेत, एकेक तीन-तीन जॅकवर, ते सातेक हजार जॅक पण भारतातून. मॅग्नेटच्या चुका सुधारायला जे छोटे सुपरकंडक्टिंग मॅग्नेट लागतात ते पण हजाराच्या वर इथलेच. हे सगळं काम इंदूरच्या राजा रामण्णा सेंटरनं बघितलं. आपल्याकडं सत्येंद्रनाथ बोस यांच्या आडनावावरून एका जातीच्या कणांना बोसॉन म्हणतात हे सगळे छाती फुगवून सांगतात, आणि सांगावंच, पण जॅकचं कुणी सांगत नाही. पस्तीस टनांची वस्तू मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतक्या अचूकपणे हलवायची आणि मग वर्षानुवर्षं तिथंच ठेवायची, हे ज्यानं केलं त्या वर्कशॉपमधल्या फिटरला मला एकदा भेटायचंय, खरंच.

का हलवावं लागतं? कारण जमीन हलते. हे तर मला वाचूनही खरं वाटेना. याच बोगद्यात आधी, १९८९ ते २००० पर्यंत, दुसरं मशीन होतं, लेप नावाचं. त्याच्या मोजमापात रोज थोडा फरक यायचा आणि कारण सापडेना. शेवटी निघालं काय, तर चंद्र. समुद्राला भरती येते तशी जमिनीला पण येते, आणि सत्तावीस किलोमीटरच्या गोलाचा घेर चंद्रामुळं एखादा मिलिमीटर कमीजास्त होतो, तेवढं त्या मशीनला कळायचं. जिनिव्हाच्या तलावात पाणी वाढलं तरी कळायचं. तरीपण अजून एक गोंगाट उरला होता, दिवसा जास्त आणि मध्यरात्रीनंतर काही तास एकदम शांत. तो निघाला जिनिव्हाहून पॅरिसला जाणाऱ्या फास्ट ट्रेनचा. रुळातून करंट जमिनीत गळत होता आणि परत जायला त्याला मशीनची धातूची नळी सोपी पडत होती. अर्थिंगचा घोळ, बाकी काय! जगातले सगळ्यात हुशार लोक, आणि शोध कशाचा तर करंट कुठून बॉडीला येतोय. मी तर रोजच हे शोधतो.

२००९ ला दुरुस्ती होत आली होती तर नोव्हेंबरात वरच्या सबस्टेशनमध्ये बसबारवर, मंजे करंट नेणाऱ्या उघड्या पट्टीवर, पावाचा तुकडा सापडला, पक्ष्यानं टाकला असणार म्हणतात, तेवढ्यानं शॉर्ट होऊन दोन भागांतला गारवा थोडा उतरला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मुंगसासारखा एक प्राणी ६६ हजार व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चढला आणि आठवडाभर काम थांबलं. आमच्याकडं डीपीवर खारूताई चढली की अख्ख्या शिवाराची लाइट जाते, तेव्हा हे मी शेतकऱ्यांना सांगतो. लोकांना लई बरं वाटतं ऐकून.

आता तर असलंच एक कान देऊन बसणारं यंत्र आमच्या शेजारीच येतंय. जिंतूरहून औंढा नागनाथ अर्ध्या-पाऊण तासावर, तिथं लायगो-इंडिया होणार आहे, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या मंत्रिमंडळानं २,६०० कोटी मंजूर केले. ते प्रोटॉनवालं नाही, ते गुरुत्वीय लहरींचं, काटकोनात चार-चार किलोमीटरचे दोन हात आणि त्यात लेझर. अमेरिकेतल्या लायगोला आसपासची रेल्वे आणि लाकूडतोड सुद्धा जाणवते, मग आमच्या इकडचे उसाचे ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि टेपवर फुल आवाजात गाणी, हे त्यांना किती जाणवणार याची मला आत्तापासून उत्सुकता आहे. म्हणायलाच आपलं "जगात जर्मनी, भारतात परभणी", पण हा मान हिंगोलीनं नेला, आमच्या जिल्ह्याला चुकवून. असो.

२०१२ च्या ४ जुलैला हिग्ज बोसॉन नावाचा कण सापडल्याचं जाहीर झालं, म्हातारे पीटर हिग्ज तिथं खुर्चीत बसून डोळे पुसत होते, तो व्हिडिओ मी पुष्कळदा बघितला. १९६४ ला कागदावर मांडलेली गोष्ट, अठ्ठेचाळीस वर्षांनी मशीननं सांगितलं की हो, आहे. पुढच्या वर्षी नोबेल. तो कण नेमका काय करतो हे मला अर्धवटच कळतं, की सगळीकडं एक फील्ड पसरलेलं आहे आणि बाकीच्या मूळ कणांना वस्तुमान मिळतं ते त्याच्याशी असलेल्या संबंधामुळं, आणि हा कण म्हणजे त्या फील्डमध्ये उठलेला तरंग. पण एक गोष्ट मला चांगली कळते. दुकानात एकदा बारावी सायन्सचा एक पोरगा आला होता मामाबरोबर, तो म्हणला, "काका, तो कण तर कुणी बघितलाच नाही, तयार होतो न होतो तोच फुटतो, मग सापडला कसं म्हणतात?" मी त्याला टंग टेस्टर दाखवला, तारेभोवती धरून करंट मोजायचा मीटर. म्हणलं बाबा, मी इतकी वर्षं करंटवर पोट भरतो, करंट बघितला का मी कधी? ह्याच्यावर आकडा बघितला. आकडा रोज बरोबर येतो, त्यावरून मोटार चालते, म्हणून म्हणतो करंट आहे. त्यांनी पण तेच केलंय, कण फुटल्यावर कधीकधी जे प्रकाशाचे दोन किरण निघतात त्यांची ऊर्जा मोजली, कोट्यवधी टकरींतून निवडून, आणि १२५ जीईव्हीच्या (कणांची ऊर्जा मोजायचं माप) जागी आलेखाला उंचवटा आला. दोन वेगवेगळ्या टीमनं, एकमेकांना न दाखवता. पोराचं समाधान झालं की नाही काय माहीत, मोटार घेऊन गेला.

आणि मोठी माणसं विचारतात ते वेगळंच. रब्बीत दुकानात गर्दी असते, लाइटची वाट बघत लोक बसतात, मी फोन बघत असतो. "मिस्त्री, काय बघायलाव एवढं?" कारण त्या मशीनचं एक पान नेटवर उघडं असतं, आत्ता या घडीला आत काय चाललंय ते कुणालाही दिसतं, प्रोटॉन भरणं चालू आहे, वेग वाढवणं चालू आहे, की बीम स्थिर होऊन टकरी चालू आहेत. खाली ऑपरेटर लोक चार शब्द टाइप पण करतात. मी दाखवतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "मंग ह्याचा आपल्याला उपेग काय?"

लोक इथं सांगतात की वर्ल्ड वाइड वेब सर्नमध्येच सुरू झालं, टिम बर्नर्स-लीनं १९८९ ला तिथंच त्याची कल्पना मांडली, कॅन्सरच्या मशीनी त्यातून आल्या वगैरे. ते खरं आहे. पण मी ते उत्तर देत नाही, मला ते मेहुण्याची नोकरी सांगून मुलगी मागितल्यासारखं वाटतं. मी सरळ सांगतो, काही नाही मामा, आत्ता तरी काही उपेग नाही. गंमत अशी की हे उत्तर लोकांना चालतं. एक आजोबा म्हणले, "मंग चांगलंय की, उपेगाच्या कामानं तर आपण मरायलोतच." पैशाचं मात्र ते सोडत नाहीत, आणि मी पण सोडू नये असंच म्हणतो. आता तिथल्या लोकांना पुढचं मशीन पाहिजे, जवळजवळ ९१ किलोमीटर घेराचं, खर्च पंधरा अब्ज स्विस फ्रँकच्या घरात. हिग्जनंतर एवढ्या वर्षांत कुठलाही नवीन मूळ कण मिळाला नाही, डार्क मॅटरचा, मंजे विश्वातल्या न दिसणाऱ्या पदार्थाचा, पत्ता नाही, आणि तरी तिप्पट मोठं पाहिजे. मला विचाराल तर मी आधी हेच पुरतं पिळून घ्या म्हणेन. पण माझं मत कोण विचारतंय, आणि दोनशे फुटाला पाणी नाही लागलं की पाचशेला जायचं हा रोग आम्हाला पण आहेच.

लाइटचं पण तसंच. एवढ्या मोठ्या मशीनला लाइट केवढी लागत असेल? पूर्ण जोरात असताना तिथल्या सगळ्या कारभाराला दोनशे मेगावॅटच्या आसपास. आमच्या येलदरीच्या धरणावरचं वीजघर साडेबावीस मेगावॅटचं आहे, तशी नऊ येलदऱ्या पाहिजेत. म्हणून हिवाळ्यात, जेव्हा युरोपात घरं गरम ठेवायला लाइट लागते आणि महाग होते, तेव्हा ते मशीन बंद ठेवून दुरुस्ती करतात. २०२२ ला युक्रेनच्या युद्धामुळं टंचाई झाली तेव्हा दोन आठवडे आधीच बंद केलं. म्हणजे त्यांचं मशीन बंद असतं तेव्हा आमचा सीझन, आणि आमच्याकडं उन्हाळ्यात विहिरी आटून दुकान बंद पडल्यासारखं होतं तेव्हा त्यांचा. त्यामुळं मला वाचायला वेळ बरोबर मिळतो.

सध्या माझं डोकं दुसऱ्याच गोष्टीत अडकलंय. हे मशीन २०२६ च्या मध्यापासून बराच काळ बंद राहणार असं वेळापत्रक आहे, आणि २०३० ला ते जास्त टकरी देणारं होऊन परत सुरू होणार. त्यासाठी टकरीच्या जागेजवळ जे नवीन मॅग्नेट लागणार ते निओबियम-टायटॅनियमचे नाहीत, निओबियम-टिनचे. हा माल जास्त जोर देतो पण एक खोड आहे, तयार झाला की ठिसूळ, वाकवला की गेला. मग कॉइल भरायची कशी? तर निओबियम आणि कथिल वेगवेगळं असताना, तार मऊ असतानाच कॉइल भरून घ्यायची, आणि मग अख्खी कॉइल भट्टीत घालून साडेसहाशे डिग्रीला भाजायची, कितीतरी दिवस, तेव्हा आतल्या आत ते मिसळून सुपरकंडक्टर होतं. त्यानंतर रेझिन भरून घट्ट करायची. आणि त्यानंतर तिला कुणी वाकडा हात लावायचा नाही.

आम्ही पण कॉइल भरून, वार्निशमध्ये बुडवून ओव्हनलाच लावतो, फरक एवढाच की माझ्याकडून वार्निशनंतर शॉर्ट निघाला तर शिव्या देत देत का होईना, जाळून, खरवडून परत भरता येतं. हे मी परवा दुकानातल्या पोराला सांगत होतो. तो स्लॉटमध्ये बांबूच्या पट्ट्या ठोकत होता, हात न थांबवता म्हणला,

"उस्ताद, मंग भाजल्यावर टर्न शॉर्ट निघाला तर?"

"तर ती कॉइल भंगार. परत पहिल्यापासून."

"आणि कॉइल केवढी?"

म्हणलं, काही काही सात मीटरच्या वर.

त्यानं हातोडी खाली ठेवली. "ते भरणाराला पगार किती हो?"

हे मात्र मी अजून शोधतोय.